ओ पेअरला कामगाराचे हक्क हवेत

जर्मन भाषेची ए-वन ही पहिल्या पायरीची परीक्षा उत्तीर्ण झाली की वर्गातल्या काही मुली ओ पेअर म्हणून जर्मनीला जायचे ठरवतात. पुण्यात जर्मन शिकवताना हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे, आणि आता नाशिक, सांगली, कोल्हापूरकडून येणाऱ्या मुलींमध्येही, क्वचित मुलांमध्येही, हा विचार रुजू लागला आहे. एका जर्मन कुटुंबात वर्षभर राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, हलक्या घरकामाला हातभार लावायचा आणि त्याच्या मोबदल्यात स्वतंत्र खोली, जेवण, विमा, महिन्याला 280 युरो हातखर्च व भाषावर्गासाठी 70 युरो मिळवायचे, असे या योजनेचे स्वरूप आहे. काम दिवसाला जास्तीत जास्त सहा तास आणि आठवड्याला तीस तास. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण मोकळा, आणि वर्षाला चार आठवड्यांची रजा. एवढे सगळे ठरलेले असूनही या मुलीला जर्मनीत सर्वसाधारणपणे नोकरदार मानले जात नाही. ती कुटुंबाची पाहुणी, मुलांची वर्षभरापुरती मोठी बहीण, अशी त्यामागची समजूत आहे. ही समजूत जितकी गोड आहे तितकीच ती मुलीच्या हिताच्या आड येते, आणि ओ पेअरला कायद्याने कामगार मानल्याशिवाय या योजनेतले दोष जाणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे म्हणताना योजना वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. विद्यार्थी व्हिसासाठी जर्मनीच्या बँकेतल्या गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. ही रक्कम दहा लाख रुपयांच्या वर जाते आणि तालुक्याच्या गावी शिक्षक किंवा दुकानदार असलेल्या बापाला ती कर्जाशिवाय उभी करता येत नाही. ओ पेअरला अशी रक्कम दाखवावी लागत नाही, पदवीही लागत नाही. वय 27 पेक्षा कमी असावे आणि भाषेचे प्राथमिक ज्ञान असावे, इतके पुरते. भाषा शिकण्याच्या दृष्टीने तर या वर्षाला तोड नाही. चार वर्षांचे मूल परक्या माणसाच्या व्याकरणाची भीड ठेवत नाही. चुकलेला शब्द लगेच दुरुस्त करते आणि तोच प्रश्न दहा वेळा विचारते. ए-वनवर गेलेल्या मुली वर्षअखेरीस त्याहून दोन पायऱ्या वरच्या बी-वनच्याही पुढे बोलताना मी ऐकल्या आहेत. पुढे त्यातल्या कित्येकींनी जर्मनीतच सामाजिक सेवेचे स्वयंसेवी वर्ष किंवा परिचारिकेची आउसबिल्डुंग, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण, धरली आणि आज त्या तिथे आपल्या पायावर उभ्या आहेत. हा दरवाजा उघडा राहिला पाहिजे, म्हणूनच त्याच्या आत काय चालते हे नीट पाहिले पाहिजे.

दिवस सकाळी साडेसहाला मुलांच्या डब्यांपासून सुरू होतो. पावाच्या दोन चकत्या, मध्ये चीज, सफरचंदाच्या फोडी, काकडी. आपल्याकडच्या डब्याच्या मानाने हे काम पाच मिनिटांचे वाटते, पण दोन मुलांचे कपडे, दात घासणे आणि पावसाळी दिवस असेल तर चिखलातली जाड पँट चढवणे यात तास निघून जातो. धाकट्याला किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, सोडायचे आणि मोठ्याला शाळेच्या वळणापर्यंत पोचवायचे. मधल्या वेळात डिशवॉशर रिकामा करणे, मुलांचे कपडे धुऊन घड्या घालणे, खोल्यांच्या खिडक्या सताड उघडून हवा खेळवणे आणि कचरा कागद, प्लास्टिक, ओला, उरलेला असा वेगळा करणे. भाषावर्ग बहुधा याच वेळात बसवावा लागतो. प्राथमिक शाळा पुष्कळ ठिकाणी दुपारीच सुटते, म्हणून एकच्या सुमाराला मोठा घरी, अडीच-तीनला धाकट्याला आणणे, मग खेळाचे मैदान, मग सायंकाळी सहाला पाव, चीज, लोणच्याच्या काकड्या असे थंड जेवण. नोव्हेंबरात मुलांबरोबर सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत कागदी कंदील घेऊन चालायचे, डिसेंबरात त्यांच्यासोबत बिस्किटे लाटायची. हे सगळे आनंदाचे असते, आणि मुली त्याविषयी आनंदानेच लिहितात.

अडचण सायंकाळनंतर सुरू होते. माझ्या एका विद्यार्थिनीने तिच्या खोलीतल्या टेबलाचा फोटो पाठवला होता. त्यावर जर्मन शब्दांची तिची वही होती, पाण्याची बाटली होती, आणि दोन्हींच्या मध्ये बाळाच्या खोलीतला आवाज पोचवणारे छोटे यंत्र ठेवलेले होते. त्याचा हिरवा दिवा जळत होता. आई-वडील बाहेर गेले होते. तू घरीच आहेस, तुझा अभ्यास कर, बाळ रडलेच तर बघ, असे तिला सांगितले होते. आठवड्यातल्या तीन-चार रात्री असेच होत असे आणि तो वेळ तिच्या तीस तासांत कोणी धरत नसे. नियमाप्रमाणे रात्रीची ही राखणदेखील कामाच्या तासांतच मोडते आणि आठवड्यातल्या चार सायंकाळी मोकळ्या असायला हव्यात. ते तिला ठाऊक होते, कुटुंबालाही ठाऊक होते. तरी तिला बोलता आले नाही, कारण त्याच कुटुंबाने तिच्या वाढदिवसाला केक केला होता आणि तिला सर्दी झाली तेव्हा रात्री उठून चहा दिला होता. ज्या नात्यात ऊब आहे त्या नात्यात तासांचा हिशेब मागणे कृतघ्नपणाचे वाटते. कुटुंबात वाईट माणसे असतात म्हणून हा वेळ बुडतो असे नाही. बहुतेक कुटुंबे भलीच असतात. घरातली आणि कामावरची यांतली सीमा पुसट ठेवली की तिचा फायदा नेहमी घराच्या मालकालाच मिळतो, मग तो कितीही भला असो.

आता पैशाचा हिशेब. तो टीकाकार जसा मांडतात तसा मला मान्य नाही. 280 युरोंना महिन्याच्या 130 तासांनी भागून तासाला दोन युरोंच्या आसपास मिळतात आणि 2025 साली जर्मनीतले किमान वेतन तासाला 12.82 युरो होते, असे म्हणून थांबले की चित्र भयंकर दिसते, पण ते अपुरे असते. जर्मनीतच वेतनाच्या हिशेबासाठी राहणे आणि जेवण यांचे सरकारी मूल्य ठरवलेले आहे. 2025 साठी ते महिन्याला अनुक्रमे 282 आणि 333 युरो होते. हातखर्च, भाषावर्गाचे पैसे आणि हे मूल्य मिळून 965 युरो होतात, विम्याचा हप्ता वेगळा. त्याच 130 तासांचे किमान वेतन 1,667 युरोंच्या जवळ जाते आणि त्यातून सामाजिक विम्याची कपात झाली की दोन्ही बाजूंतले अंतर आणखी घटते. तफावत उरते, ती काही शे युरोंची उरते, पण ती गुलामगिरीची नाही. म्हणून माझा मुख्य आक्षेप रकमेवर नाही. काम केलेल्याच्या नावावर निवृत्तिवेतनाचा एक महिनाही जमा होत नाही, वाढीव तासांचा मोबदला मागण्याची सरळ वाट नसते आणि बिनसले तर दाद कुठे मागायची हे स्पष्ट नसते, यावर माझा आक्षेप आहे.

यात जर्मन शासनाची भूमिकाही एकसारखी नाही. ओ पेअरचा नियम जर्मनीत कुठे सापडतो? परदेशी माणसांच्या रोजगाराविषयीच्या नियमावलीत, तिच्या बाराव्या कलमात. त्या व्हिसाला संमती देते ती केंद्रीय रोजगार संस्था. म्हणजे देशात येऊ देताना तिचे येणे हा रोजगार धरला जातो. दुसरीकडे प्राप्तिकर खाते यजमान कुटुंबाला ओ पेअरवरच्या खर्चापोटी करसवलत देते, आणि वेगळा तपशील सादर केला नसेल तर त्या खर्चाचा अर्धा भाग बालसंगोपनाचा मानला जातो. उरलेला घरगुती सेवेचा म्हणून दाखवता येतो. सख्ख्या मुलीला पोसल्याबद्दल घरगुती सेवेची सवलत कोणाला मिळत नाही. व्हिसाच्या खिडकीवर ती कामाला आलेली, कराच्या कागदावर सेवा देणारी, आणि वेतनाचा विषय निघाला की मात्र घरातली मुलगी. एकाच व्यक्तीविषयी शासनाने तीन ठिकाणी तीन भूमिका घ्याव्यात आणि तिसरी नेमकी तिच्या विरोधात जाणारी असावी, हे न्यायाला धरून नाही. घरगुती कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा करार जर्मनीने 2013 साली स्वीकारला खरा, पण तो नोकरीच्या नात्यात काम करणाऱ्यांपुरता आहे. ओ पेअरचे नाते नोकरीचे नाहीच असे म्हटले की त्या कराराचे छत्रही तिच्या डोक्यावरून सरकते.

या सगळ्याहून गंभीर बाब अशी की तिचे राहण्याचे घर, तिचे काम आणि तिचा देशात राहण्याचा परवाना ही तिन्ही एकाच कुटुंबाच्या हातात असतात. साधारणपणे करारात दोन आठवड्यांच्या सूचनेने संबंध संपवण्याची तरतूद असते. नोकरदार माणसाची नोकरी गेली तर त्याच्या डोक्यावरचे छप्पर त्याच दिवशी जात नाही. ओ पेअरला त्या चौदा दिवसांत दुसरे कुटुंब शोधायचे, नवा करार करायचा, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ते कळवून परवाना नीट करून घ्यायचा, आणि हे सर्व जिच्याशी बिनसले आहे त्या बाईच्या स्वयंपाकघरात जेवत करायचे. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या मुलीला ही संधी आयुष्यात एकदाच आणि फार तर एका वर्षासाठी मिळते. कुटुंब बदलले तरी उरलेलेच महिने हाती राहतात. अशा स्थितीत एकोणीस-वीस वर्षांची मुलगी रात्रीच्या राखणीचे तास मोजून दाखवेल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. तिचे मौन म्हणजे तिची संमती असे समजून चालणाऱ्या व्यवस्थेला सुधारण्याची गरजच कधी वाटत नाही.

युरोपला हा प्रश्न नवा नाही. युरोपीय परिषदेने 24 नोव्हेंबर 1969 रोजी स्ट्रासबर्ग येथे ओ पेअरविषयी करार केला आणि त्यात दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली. जर्मनीने त्यावर स्वाक्षरी केली, पण त्याला मान्यता मात्र दिलेली नाही. 2002 पर्यंत जर्मनीत ओ पेअरची जुळवणी करणाऱ्या संस्थांना सरकारी परवाना लागत असे, तोही त्या वर्षी रद्द झाला. त्यानंतर दर्जाची हमी देणारे शिक्के आले, पण ते ऐच्छिक आहेत. इन विया आणि फाउआयजे यांसारख्या चर्चशी निगडित जुन्या संस्था आजही जबाबदारीने मुलींच्या पाठीशी उभ्या राहतात. परंतु आता पुष्कळशा जुळण्या संकेतस्थळांवर कुटुंब आणि मुलगी यांच्यात थेट होतात, आणि मग मध्ये विचारपूस करणारे कोणीच उरत नाही.

नॉर्वेने 2024 साली यावर टोकाचा उपाय केला आणि बाहेरच्या देशांतल्या ओ पेअरना नवे परवाने देणे थांबवले. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली स्वस्त घरकाम चालते, हे त्यांचे कारण खोटे नव्हते. फिलिपिन्सने तर 1998 सालीच आपल्या मुलींना ओ पेअर म्हणून युरोपला पाठवण्यावर बंदी घातली होती आणि ती 2010 पासून टप्प्याटप्प्याने उठवली. बंदीचा मार्ग मला पटत नाही, कारण त्याची किंमत श्रीमंत यजमानाला मोजावी लागत नाही. ती ज्या मुलीजवळ बाकी कोणताही मार्ग नाही तिला मोजावी लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यापुरता 2019 साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की ओ पेअरना राज्याचे वेतनविषयक कायदे लागू होतात. तिथे आजही ओ पेअर ठेवणारी कुटुंबे आहेत. म्हणजे योजना आणि कामगार कायदा एकत्र नांदू शकतात.

आपल्या बाजूला काय चालते तेही बोलले पाहिजे. जर्मन नियमानुसार जुळवणी करणाऱ्या संस्थेला ओ पेअरकडून 150 युरोंहून अधिक शुल्क घेता येत नाही. इथे मात्र परदेशी शिक्षणाच्या सल्लाकेंद्राची पाटी लावून व्हिसाची तयारी, कुटुंब शोधणे, कागदपत्रे अशा नावांनी त्याच्या कितीतरी पट रक्कम घेतली जाते. कामासाठी परदेशी माणसे पाठवणाऱ्या एजंटांची नोंदणी 1983 च्या परदेशगमन कायद्याने सक्तीची केली आहे. पण ओ पेअर ही नोकरी नाही, सांस्कृतिक कार्यक्रम आहे, असे म्हटले की हे केंद्र त्या नोंदणीच्या बाहेर राहू पाहते. तिथे कामगार न मानण्याचा फायदा यजमानाला मिळतो, इथे एजंटाला.

यात आईवडिलांचाही वाटा आहे. मुलीला निरोप देताना पालक सांगतात, त्यांच्या घरात नीट राहा, उलट बोलू नकोस, पडेल ते काम कर, आपल्या घरासारखे समज. प्रेमापोटी दिलेला हा सल्ला तिथे गेल्यावर तिच्याच पायात बेडी होऊन पडतो. आपल्याला घरच्यासारखी हा शब्दप्रयोग चांगला ओळखीचा आहे. धुणी-भांडी करणाऱ्या बाईंना तो आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो. 1980 साली पुण्यात याच घरच्यासारख्या बायकांनी काम बंद ठेवून पगारवाढ मागितली तेव्हा अनेक सुशिक्षित घरांना धक्का बसला होता. पुढे त्यांची संघटना उभी राहिली आणि 2008 साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्या कायद्याची अंमलबजावणी अपुरी आहे हे खरे. पण घरात काम करणारी बाई कामगार आहे, हे तरी त्यातून मान्य झाले. इतकी साधी मान्यता जर्मनीसारख्या कामगार कायद्यांच्या देशात ओ पेअरला नसावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

जर्मनीतल्या काही मराठी कुटुंबांची तक्रार वेगळी आहे. श्टुटगार्ट किंवा म्युनिकला नोकरी करणाऱ्या जोडप्यांना वाटते की आपल्याकडची मुलगी ओ पेअर म्हणून आणता आली तर मुलांवर मराठी संस्कारही होतील. पण यजमानांच्याच मायदेशातून येणाऱ्या मुलीला त्यांच्या घरी हा व्हिसा मिळत नाही. हा नियम बदलावा अशी मागणी मी ऐकली आहे आणि ती मला मान्य नाही. भाषा शिकणे हा या योजनेचा एकमेव भक्कम आधार आहे. तो काढला तर उरेल ती परदेशात नेलेली मोलकरीण, आणि तिला तर शेजाऱ्याशी बोलायलाही भाषा येणार नाही.

मग करायचे काय? ओ पेअरला जर्मन कायद्याने स्पष्टपणे नोकरदार म्हणावे, राहण्या-जेवणाचे ठरलेले सरकारी मूल्य वेतनातून वजा करण्याची मुभा द्यावी, आणि आठवड्याच्या तासांची लेखी नोंद दोघांच्या सहीने ठेवणे सक्तीचे करावे. मुलांच्या शाळेचे, पोहण्याचे, व्हायोलिनचे वेळापत्रक फ्रिजवर लावलेले असतेच. त्याच कागदावर तिच्या कामाचे तास मांडायला फार कष्ट नाहीत. संबंध तुटला तर परवान्याची चिंता न करता दुसरे कुटुंब शोधायला निदान दोन महिने मिळावेत आणि त्या काळात डोक्यावर छप्पर असावे. जुळवणी करणाऱ्या संस्थांचा परवाना परत आणावा. यातले काहीच क्रांतिकारक नाही.

महाराष्ट्र शासनालाही इथे काम आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला होता. या चर्चांमध्ये परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक यांचा विचार होतो. ओ पेअरचे नाव कोणी काढत नाही, कारण ती कुशल नाही आणि अधिकृतपणे कामावरही जात नाही. तिच्यासाठी राज्याने निदान एजंटांची नोंदणी, शुल्काची मर्यादा आणि निघण्यापूर्वी हक्कांची मराठीतून माहिती एवढे तरी हाती घ्यावे.

याला दोन हरकती घेतल्या जातात. पहिली, तास मोजायला लागले की माया आटेल. माझा अनुभव उलट आहे. ज्या घरांत पहिल्याच आठवड्यात कामाचे तास, मोकळ्या सायंकाळी आणि फोनचा वापर यांविषयी मोकळेपणी बोलणे झाले, त्या घरांशी मुलींचे नाते पुढे वर्षानुवर्षे टिकले. मुले त्यांना भेटायला भारतातही आली. मनात साचलेली, न बोललेली नाराजी नाते कुजवते. हिशेब स्वच्छ असला की माया करायला दोघेही मोकळे राहतात.

दुसरी हरकत वजनदार आहे. खर्च वाढला तर मध्यमवर्गीय जर्मन कुटुंबांना ओ पेअर परवडणार नाही, संधी कमी होतील आणि योजना फक्त श्रीमंतांपुरती उरेल. संधी थोड्या घटतील, हे मी नाकारत नाही. पण जर्मन कुटुंबांची ओढाताण कशातून येते? वर्षभराच्या प्रत्येक मुलाला 1 ऑगस्ट 2013 पासून किटातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागा आजही अपुऱ्या आहेत. प्राथमिक शाळेतल्या मुलांना दिवसभर सांभाळण्याचा हक्क तर 2026 पासून पहिलीच्या वर्गापुरता सुरू होऊन वर्षागणिक वर सरकणार आहे. शासनाच्या पुरवठ्यातली ही पोकळी आज परदेशातून आलेल्या तरुण मुली स्वतःच्या सायंकाळी खर्चून भरतात. त्या पोकळीचा खर्च जर्मन करदात्यांनी उचलावा. हवी तर मध्यमवर्गीय यजमानांची करसवलत वाढवावी आणि ती मुलीच्या विम्याचे हप्ते भरल्याच्या पावतीवरच द्यावी.